पन्नासावा चिंचोका

नामदेव गेल्याचा निरोप नागपूरच्या दवाखान्यातून त्याच्या मेहुण्यानं आणला, तेव्हा मी जवाहरनगरात फॅक्टरीच्या बससाठी उभा होतो. बस आली, माणसं चढली, बस निघून गेली... मी तिथंच. त्याला दीड महिना झाला.

आमची क्वार्टर्स शेजारशेजारची. याच मेहुण्यानं एकदा परदेशातून बुद्धिबळ खेळणारी पेटी आणली, तेव्हा सगळी लाइन बघायला लोटली होती. पेटी माझा वजीर बघता बघता खायची. पण शेवटी माझा एकटा राजा आणि तिच्याकडे राजा नि हत्ती उरले, की ती भरकटायची. हत्ती उगाच इकडून तिकडे. पन्नास चालींत मात झाली नाही तर डाव बरोबरीत, म्हणून नामदेव वाटीतून एकेक चिंचोका काढून चाली मोजायचा. पन्नासावा बाहेर आला की मी हसायचो. त्याला मात्र राग यायचा.

"हे मठ्ठ नाही, बापू," तो एकदा मला म्हणाला. "दोन-तीन चाली पुढचं पायते. काहीबी खेळलं तरी जिंकूनच राहिलो, असं दिसते त्याले. मंग घाई कायले करन?"

पुढच्याच वर्षी त्याला क्षय निघाला. वर्षभर गोळ्या, एक दिवस खाडा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चौथ्या महिन्यात खोकला थांबला, गाल भरले. गोळ्या संपल्या, त्या आणायचं या सोमवारवरून पुढच्या सोमवारवर गेलं. मी विचारलं तर म्हणाला, "बरा झालो ना आता. आणू आरामात." माझं लक्ष पटावर होतं. मी 'बरं' म्हणालो आणि घोडा सरकवला. त्या 'बरं'ची मला आज किळस येते.

दुखणं उलटलं ते गोळ्यांना दाद देईना. शेवटच्या भेटीत त्याला धाप लागत होती. माझा हात धरून एवढंच म्हणाला, "हत्ती होता ना बापू आपल्यापाशी..."

वहिनींनी पेटी मला दिली, वाटीसकट. परवा तोच डाव मांडला. या वेळी मला हरायचं होतं, हत्ती हाताशी असलेल्यानं एकदा तरी डाव पुरा करावा म्हणून. माझा राजा मीच कोपऱ्याकडे नेला, पटाच्या कडेकडेनंच फिरवत ठेवला. पेटी नुसती फिरत राहिली. एकोणपन्नास चिंचोके काढून झाले. पन्नासावा वाटीत आहे. त्याला हात लावायचं धाडस होत नाही.