बंद मोटारीचा आवाज

रहीम फिटर आणि मी त्याचा हेल्पर, एका साखर कारखान्यात एकतीस वर्षं. बेरिंग गेलं की तो कानाने ओळखायचा. पेचकसाचं टोक यंत्राला, लाकडी मूठ उजव्या कानाला, डोळे मिटलेले. मग बोट दाखवायचा. विनाकारण खोललेलं एकही यंत्र त्याच्या नावावर नव्हतं. माझे कान मिलच्या घरघरीत गेले. आधी डोक्यात टकटक सुरू झाली, मग हळूहळू ऐकूच कमी येऊ लागलं.

निवृत्तीनंतर तो नांदूरघाटला मोटारी दुरुस्त करतो. मार्चमध्ये माझ्या विहिरीवरची मोटार गरम होऊ लागली. शेतीची वीज रात्रीची, म्हणून तो जेवून नऊला आला.

पेचकस लावला. थोडं थांबला.

"टकटक हाय बे. मागचं बेरिंग."

खोललं. चार बोल्ट, मागचं कव्हर, पुलर लावून बेरिंग ओढलं. सव्वादोन तास गेले. बेरिंग बोटावर फिरवलं तर गुळगुळीत. पुढचंही तसंच.

"टकटक तू ऐकलीस ना?" तो माझ्या कानाशी ओरडला.

"मला इचारतूस? मला तुझंच निम्मं ऐकू येतंय."

सगळं परत जोडून मोटार चालू केली. त्याने पुन्हा पेचकस लावला, पुन्हा टकटक. मग मोटार बंद केली आणि तसाच उभा राहिला.

"अजिनाथ, मोटार बंद हाय ना?"

"हाय."

"मग वाजतंय काय?"

बॅटरीच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला. तो घाबरला होता. मोटारीत नाही तर आपल्या डोक्यात असणार, असं त्याला वाटलं. माझे कान कसे गेले ते त्याने बघितलं होतं. कान गेले तर त्याचं काम संपलं. आणि खरं-खोटं विचारायला जवळ होतो मी.

त्याने पेचकस पाइपाला लावला, विहिरीच्या दगडाला लावला, लिंबाच्या खोडालाही लावला. मग पेचकस खिशात घालून दोन्ही तळवे कानांवर दाबले. काढले. परत दाबले. असं पाच-सहा वेळा.

"भाईर हाय! कान दाबले की थांबतंय. डोक्यात न्हाई!"

कारखान्यात डावा कान झाकायची गरजच पडली नव्हती. तिथे त्या कानात सगळीकडून सारखाच गोंगाट. इथे मूठ उजव्या कानाला, आणि टकटक आली उघड्या डाव्या कानातून.

तो बांधावर गेला, मी मागे. वाटेत तो मला सांगत होता: पाइपात थेंब पडतोय, गवतात काहीतरी किरकिरतंय, लांब टिटवी हाय.

"येवढं सगळं रोज वाजतं का बे?"

मला काय माहीत.

पायाजवळून मातीच्या रंगाचा एक पक्षी उडाला. टकटक थांबली. थोड्या वेळाने पलीकडच्या बांधावरून आली, असं तो म्हणाला.

माझी बायको सरस्वतीबाई चहा घेऊन आली. "रातवा हाय त्यो. रोज वरडतो. त्याच्यापायी मोटार खोलली व्हय? दोघं मोठे मिस्तरी!"

रहीम हसला नाही. पेचकसाच्या मुठीने माझ्या खांद्यावर ठोकू लागला. आधी सावकाश, मग भरभर, मग एकदम बंद.

"असं हाय. कळलं?"

"खांद्याला कळलं."

त्याला ऐकणं म्हणायचं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मोटार होल्टेज कमी म्हणून तापत होती. तिला काही झालेलं नाही. रहीम तरी आठवड्यातून दोनदा रात्री येतो, पेचकस घेऊन. आम्ही बांधावर बसतो.