गिरजासोबत गंगेच्या काठानं

लग्नाला सात-आठ वर्षं झाल्यावर मी माझ्या बायकोचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. पूर्णेच्या उतारावर आम्ही गुडघाभर पाण्यात होतो. शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय घसरला आणि मी डोक्यावरच्या गाठोड्यासकट पाण्यात बसलो. मागून इतकं खळखळून हसणं ऐकू आलं, की दुसरीच कोणी बाई आली असं वाटून मी वळलो. मागे गिरजाच होती. लुगड्याचा ओचा एका हातात धरून, दुसरा हात तोंडावर ठेवून ती हसत होती, आणि हसू काही हाताखाली मावत नव्हतं.

"उठा की," ती म्हणाली, "का तितंच आंगूळ करून राहिले?"

त्या एका वाक्यात ती माझ्याशी जेवढं बोलली, तेवढं आमच्या घरात महिन्याभरात बोलली नसेल. त्यात तिचा दोष नव्हता, माझाही नव्हता. आमचं गाव पूर्णेच्या काठी, सिद्धेश्वरच्या खालच्या अंगाला. तेव्हा तिथे धरण नव्हतं. घरात तीन भाऊ, त्यांच्या बायका, लेकरं, माय आणि दादा. दादा म्हणजे माझे वडील. दादांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही, ही रीत. ते ओसरीवर बसलेले असले की आम्ही भाऊ घरात खाली मान घालून शिरायचो. आपलं लेकरू थोरल्यांसमोर उचलून घेणं तर निलाजरेपणाच समजत. माझा किसना अडीच वर्षांचा होऊन देवीच्या साथीत गेला, तोवर मी त्याला घरात कुणाच्या देखत एकदाही उचललं नव्हतं.

किसना गेल्यावर गिरजा मुकी झाली. काम सगळं करायची. दळायची, शेण काढायची, शेतात भाकरी घेऊन यायची. बोलायची मात्र नाही. माय म्हणायची, "दुसरं लेकरू झालं की इसरंल." मी बैल घेऊन रानाकडे निघायचो.

ज्वारीची खळी उरकली आणि एका सकाळी, दादा ओसरीवर तंबाखू मळत असताना, दाराआडून गिरजाचा आवाज आला.

"मामंजी, मला गंगेच्या काठानं चालायचं हाय."

दादांचा हात थांबला. सून सासऱ्याशी आपण होऊन बोलली, असं आमच्या घरात घडलं नव्हतं. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"कुठवर?" दादांनी दाराकडे न बघता विचारलं.

"जितून निघती तितवर."

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. ती नाशिकच्या पलीकडे त्र्यंबकच्या डोंगरात उगवते, एवढं गावात सगळ्यांना ऐकून ठाऊक होतं. पाहिलं होतं ते कुणीच नाही. दादांनी तंबाखू तोंडात टाकली. पुष्कळ वेळानं ते माझ्याकडे वळले.

"संगं जा तिच्या. दोघं जा. बराबर घेऊन ये."

असे आम्ही निघालो. पूर्णेच्या काठानं खाली गेलो, संगमावर गंगा लागली, आणि मग पाणी येतं त्या दिशेला तोंड करून चालू लागलो.

वाटेवरची गिरजा मला नवी होती. घरात मान वर न करणारी ही बाई प्रत्येक गावाच्या पाणवठ्यावर थांबायची आणि पहिल्या दिसेल त्या बाईला विचारायची, "काय वं माय, तुमच्या गावचं पानी गोड हाय का?" या प्रश्नाला नाही म्हणणारी बाई मला सबंध वाटेत भेटली नाही. पाणी गोड असायचंच. मग ते कसं गोड, शेजारच्या गावचं कसं मचूळ, हे सांगता सांगता त्या बाईचं माहेर निघायचं, सासर निघायचं, आणि शेवटी कुणाच्या तरी ओट्यावर आमच्यासाठी पिठलं-भाकरी यायची. मी गाठोडं धरून लांब उभा असायचो. मला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटे.

मी चिंता करायचो. पुढचा उतार खोल असला तर? मुक्कामाला देऊळ नसलं तर? पाऊस आला तर? गिरजाचं उत्तर ठरलेलं. "ते म्होरल्या गावात बघू." पुढच्या गावात गेल्यावर मी आठवण केली, की म्हणायची, "हे म्होरलं गाव कुठं हाय? हे तर आलेलं गाव हाय." मला आधी राग यायचा, मग हसू यायला लागलं.

ज्या देवळात मुक्काम करायचा ते ती आधी झाडून काढायची. एका पुजाऱ्यानं विचारलं, "नवस हाय का काई?" ती म्हणाली, "न्हाई बाबा. आमी झोपनार हाव तर नको का झाडायला?" नवस तर तिनं काहीच बोललेला नव्हता. लोक विचारायचे, काय मागायला निघालात? ती सांगायची, "घरात बसवंना म्हून निघालो."

गंगाखेड मागे टाकून आम्ही बरेच वर गेलो आणि मला हिवतापानं धरलं. कुठल्याशा लहान गावात कोंडाबाई नावाच्या एका कुंभारणीनं आम्हाला तिच्या छपरात जागा दिली. हुडहुडी भरली की माझे दात वाजायचे. गिरजा दिवसा त्या गावच्या रानात कापूस वेचायला जायची, संध्याकाळी ज्वारी घेऊन यायची, दळायची, मला आंबील करून पाजायची. मी कंटाळलो. म्हटलं, "एखादी गाडी बघ. माघारी जाऊ."

"माघारी बी तेवढंच हाय आन म्होरं बी तेवढंच हाय," ती म्हणाली. "मंग म्होरंच जाऊ की."

एका दुपारी ताप उतरून घाम सुटला होता. बाहेर कोंडाबाईचा नातू चिखलात खेळत होता, आणि आपल्याच बोबड्या बोलीत काहीतरी बडबडत होता. मी ते ऐकत पडलो होतो. काय झालं कळलं नाही, मी रडायला लागलो. किसना गेला तेव्हा मी रडलो नव्हतो. खड्डा खणायला गेलो, माती लोटली, नदीवर हातपाय धुतले, दुसऱ्या दिवशी औत धरलं. आता मात्र थांबेना. गिरजा त्या दिवशी कामाला गेली नव्हती. ती जवळ आली आणि माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं. मला लाज वाटली. मी म्हणालो, "मला त्याचा आवाज बी आठवत न्हाई गं. मी त्याला कवा ऐकलंच न्हाई."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मी सांगते. मला समदं आठवतंय."

तिथून पुढे ती सांगत गेली. ताप गेला, आम्ही पुन्हा वाटेला लागलो, पैठण आलं, गेलं, आणि गिरजा मला रोज माझा मुलगा सांगत राहिली. गुळाचा खडा तोंडात दिला की तो थुंकायचा, आणि मिठाचा मागायचा. झोपताना आईची कानाची पाळी धरायचा. गोठ्यातल्या पांढऱ्या बैलाला तो दादा म्हणायचा, कारण दादा कुठं गेले असं कुणी विचारलं की उत्तर यायचं, गोठ्यात. हे ऐकून मी बांधावर बसून हसलो. "दादांना ठाऊक हाय का हे?" मी विचारलं. "तुमी सांगताव का त्यायला?" ती म्हणाली, आणि दोघंही पुन्हा हसलो.

एके दिवशी चालता चालता ती म्हणाली, "संध्याकाळी तुमच्या वहाना वाजल्या की तो दाराआड लपायचा."

"काहून? भ्यायचा मला?"

"न्हाई वो. तुमी हुडकताल म्हून."

ती पुढे चालत राहिली. मी गाठोडं खाली ठेवून तिथेच उभा राहिलो. थोडं पुढे गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती माघारी आली, गाठोडं तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "तुमाला ठावं नव्हतं. आता ठावं झालं. चला."

त्र्यंबकला पोचलो तेव्हा उन्हं तापायला लागली होती. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढून गेलो. वर पाहतो तर दगडातून पाण्याची एक बारीक धार ठिबकत होती. एवढ्या मोठ्या नदीच्या काठानं आम्ही आलो, आणि इथे कळशी भरायची म्हटली तरी बसून राहावं लागलं असतं. गिरजानं ओंजळ धरली, भरेपर्यंत वाट पाहिली आणि प्यायली.

"गोड हाय का?" मी विचारलं.

"थंड हाय," ती म्हणाली.

आम्ही तिथल्या दगडावर बसलो. सगळ्या वाटेवर तिनंच मला दिलं होतं. माझ्यापाशी देण्यासारखं एकच होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी म्हणालो, "एकदा त्याला मी खांद्यावर घेतलं होतं. तू त्याला रानात आणलं होतंस, बांधावर निजवून निंदायला गेली होतीस. तो जागा झाला. कुनी बघत नव्हतं. मी त्याला घेऊन ज्वारीत शिरलो. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. तो माझा पटका धरून बसला, आन कणसं हातात धरायचा. लई खूश झाला होता."

गिरजा माझ्याकडे पाहतच राहिली.

"त्या पटक्याला चिखलाची बोटं होती," ती म्हणाली. "बारकी बारकी. मी धुतला तो. म्हनलं, ही कुनाची बोटं?"

मग ती रडली. किसना गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, आसपासच्या लोकांची पर्वा न करता. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. आपल्या बायकोच्या पाठीवर उघड्यावर हात ठेवायचा असतो, हेही मला तिथेच समजलं.

घरी परतलो तेव्हा पेरण्यांची घाई होती. पुढे दोन-तीन वर्षांनी मथुरा झाली. ती काही महिन्यांची असताना एका संध्याकाळी पाळण्यात रडत होती. गिरजाचे हात पिठात होते. दादा ओसरीवर, माय उंबऱ्यात, भाऊ नुकतेच रानातून आलेले. मी पाळण्यापाशी गेलो आणि पोरीला उचललं. थोरल्या वहिनीनं तोंडावर पदर घेतला. मायनं दादांकडे पाहिलं. दादा माझ्याकडे बराच वेळ पाहत होते.

"मान धर तिची," ते म्हणाले. "वासरू न्हाई ते, टनकन हुबं राहायला."

त्यानंतर आमच्या घरातले सगळेच भाऊ आपापली लेकरं उचलू लागले.

गिरजा फार जगली नाही. निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने धामधुमीचे गेले. आम्ही कनेरगावच्या नाक्यावरून निजामाची हद्द ओलांडून वाशिमच्या बाजूला नातलगांकडे जाऊन राहिलो. तिथेही ती पहिल्याच दिवशी आडावर गेली आणि पाणी गोड आहे का विचारून आली. राज्य गेलं, आम्ही गावी परतलो, आणि त्या हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन चार-सहा दिवसांत ती गेली. शेवटच्या दुपारी मी उशाशी होतो. म्हणाली, "लई चाललो नाई आपन?" मी म्हणालो, "व्हय." ती म्हणाली, "बरं वाटलं."

दिवस झाल्यावर तिच्या माहेराहून, डोंगरकडा गावाहून, तिचा भाऊ सखाराम गाडी घेऊन आला. मथुरेला मामाकडे न्यायचं आणि माझं दुसरं लग्न लावायचं, असं दोन्ही घरच्या थोरांनी ठरवलं होतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सकाळी बैल जुंपले. मथुरा माझा हात सोडेना.

"दाजी," सखाराम म्हणाला, "तुमी गडी मानूस. आयशिवाय पोरगी कशी ऱ्हाईल? तिला काय लागतं, काय न्हाई, तुमाला काय ठावं?"

मी सांगायला लागलो. ती दूध नासलं तरी पिते, पण साय आली की तोंड फिरवते. तिला सरड्याचं भ्या वाटतं, सापाचं नाही. डाव्या कुशीवर निजते. वेणी घट्ट घातली तर डोकं दुखतं म्हणते, सैल घातली तर शाळेतल्या पोरी हसतात, म्हणून दोन पेड घट्ट आणि एक जरा ढिला ठेवावा लागतो. रुसली की गोठ्यात जाऊन बसते, तिला लगेच हाक मारायची नाही, थोड्या वेळानं जाऊन नुसतं शेजारी बसायचं. मी सांगत राहिलो. हे सगळं मला ठाऊक होतं ते त्या एका बाईमुळे, जी मला गंगेच्या काठानं घेऊन गेली होती. सखाराम जू धरून ऐकत उभा होता.

मग त्यानं वाकून बैल सोडले आणि त्यांना पाण्यावर घेऊन गेला.