गुणाजीचा कान

ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागे गुणाजी कोळ्याचं गॅरेज होतं. घरचे सगळे खाडीत जाळी टाकणारे, हा एकटाच गाड्यांत रमला. त्याची रीत ठरलेली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, सगळ्यांना गप्प करायचं आणि निकाल द्यायचा. त्याआधी एकही बोल्ट सैल करायचा नाही, आणि दिलेला निकाल मागे घ्यायचा नाही. लोक लांबून यायचे ते या कानासाठी. त्यावरच त्याचं घर चालायचं.

एक्क्याण्णव साली मी डोंबिवलीहून माझी जुनी फियाट त्याच्याकडे नेली. गाडी उभी असताना रेस आपोआप चढायची, मग उतरत उतरत बंद पडायला यायची, की पुन्हा चढायची. गुणाजीने ऐकलं आणि म्हणाला, "कार्बोरेटर." तीन रविवार त्याने तो उघडला, धुतला, बसवला. गाडीत काडीचा फरक नाही. मी तापट माणूस. चारचौघांत त्याला नको ते बोललो.

चौथ्या रविवारी त्याची बायको शेवंती डबा घेऊन आली. इंजिन चालूच होतं. ती क्षणभर थांबली.

"आवं, खालशी शिटी वाजते. तुमाला आयकू नाय येत?"

तिने कार्बोरेटरच्या बुडाशी बोट दाखवलं. गुणाजीने ओला फडका तिथे दाबला, आणि रेस जागेवर आली. खालचं पॅकिंग फाटलं होतं, तिथून इंजिन हवा खेचत होतं. इतकी बारीक गोष्ट. पण गुणाजी इंजिनकडे बघतच नव्हता.

"तुला कधीपासून ठावं?" त्याने बायकोला विचारलं.

"दोन वर्सां झाली," ती म्हणाली आणि डबा ठेवून निघून गेली.

शेजारच्या दुकानात वीस वर्षं पत्रा ठोकला जात होता, त्या आवाजाने गुणाजीचे कान गेले होते; बारीक आवाज त्याला ऐकूच येत नव्हते. नवं पॅकिंग कापून बसवताना गुणाजी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, बाहेर बोलू नका."

"छे, छे," मी म्हणालो.

आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोललो. बहिरा मेकॅनिक, कान बायकोचा! लोक पोट धरून हसले, म्हणून ऑफिसात पुन्हा सांगितलं. दर वेळी थोडं तिखटमीठ लावून. त्यातले चारजण त्याचेच गिऱ्हाईक होते, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ठाऊक होतं.

दोन वर्षांनी ब्रेक दाखवायला गेलो तर गॅरेजला कुलूप. विचारत विचारत गेलो; गुणाजी बाजारात शेवंतीशेजारी सुकी मासळी विकायला बसला होता. मी गाडी समोर उभी केली, इंजिन चालू ठेवूनच उतरलो. लाज वाटत होती. तो उठला, बॉनेटवर तळहात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.

"बरोबर चाललीय," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "साहेब, गाडी पुढं घ्या. हितं गिऱ्हाईक येतं."

मी गाडी पुढे नेऊन उभी केली. रेस जराही हलली नाही.