संकष्टीच्या दिवशी बंगळूर

बंगळूरच्या हवेचं कौतुक माझ्यासमोर कुणी करू नये. मी तिथेच वाढले आहे, आणि या खेपेला तिथून जो राग घेऊन परतले तो अजून पुरता उतरलेला नाही.

निमित्त झालं शरदच्या फोनचं. शरद माझा धाकटा भाऊ. "अक्का, एकदा येऊन बघून जा. अण्णा दोनदा पडले. मधूनच कुणाला ओळखत नाहीत. आता काहीतरी ठरवायला पाहिजे," तो म्हणाला. अण्णा म्हणजे आमचे वडील. मूळचे निपाणीकडचे. तरुणपणी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागले आणि बंगळूरचेच झाले. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून ते इंदिरानगरला शरद आणि त्याची बायको विद्या यांच्याकडे असतात. मी पुण्याहून सकाळचं विमान धरलं.

विमानतळावर शरद गाडी घेऊन आला होता. गाडी शहराकडे वळायच्या ऐवजी उलट्या दिशेला निघाली.

"कुठे चाललोय?"

"देवनहळ्ळीला. एक जागा बघून घेऊ, वाटेतच आहे."

वाटेत मुळीच नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कधीकाळी द्राक्षांचे मळे होते, तिथे आता प्लॉट पाडलेत आणि मधेच एखादा मांडव चुकून राहिल्यासारखा उभा आहे. जुन्या किल्ल्याची तटबंदी दिसली, तिच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. मला उतरून बघावंसं वाटलं, पण शरद थांबला नाही. त्याला जी जागा दाखवायची होती ती वृद्धांचं निवासस्थान निघाली. म्हणजे वडिलांना बघायच्या आधी मी त्यांची खोली बघायची!

वाईट याचं वाटलं की जागा चांगली होती. स्वच्छ, हवेशीर, न्हाणीघरात धरायला दांडे, अंगणात सोनचाफा. नावं ठेवायला काही सापडेना, तेव्हा मी जास्तच चिडले. व्यवस्थापिका बाई हसत हसत सगळं दाखवत होत्या. व्हरांड्यात एक कानडी आजी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "ऊटा आय्ता?" (जेवण झालं का?) बंगळुरात हा प्रश्न ओळखीचे-बिनओळखीचे सगळेच विचारतात, आणि वेळ कुठलीही असो. मी नाही म्हटलं, तर त्या खरोखरच हळहळल्या.

"खोली धरून ठेवलीये," गाडीत बसताना शरद म्हणाला.

"मग मला बोलावलंस कशाला? फीत कापायला?"

हमरस्त्यावर एका उपाहारगृहात त्याने मला तट्टे इडली (ताटलीएवढी पसरट इडली) खाऊ घातली. इडली लोण्यासारखी मऊ होती आणि कॉफी अशी की पुण्यात जन्मात मिळायची नाही. पण भांडता भांडता मी तीच कॉफी ओढणीवर सांडली. वाढपी फडकं घेऊन धावला. "स्वल्प (थोडं) पाणी लावा मेडम," म्हणाला. मी त्याच्यावरही खेकसले. बिचाऱ्याचा काय दोष!

इंदिरानगरला पोचेपर्यंत दुपार झाली. शंभर फुटी रस्त्यावर आता दिवसाढवळ्या बिअरच्या पाट्या झगमगतात, पण शरदच्या गल्लीत पारिजात आणि रिकामटेकडी कुत्री अजून शिल्लक आहेत. अण्णा दारातच उभे होते. दाढी केलेली, सदरा परीटघडीचा.

"आलीस काय गं? दमलीस असशील. आधी जेव बघू," ते म्हणाले.

हा माणूस कुणाला ओळखत नाही? मी शरदकडे रागाने बघितलं. विद्याने पानं घेतली. अण्णा जवळ बसून मला आग्रह करत होते, पण त्यांच्यासमोर ताट नव्हतं.

"तुम्ही?"

"माझी आज संकष्टी की."

"अण्णा उपास करतात. टेबलावर खिचडी करून ठेवलीये ना त्यांची," विद्या म्हणाली. मीही मान डोलावली. उपास आहे म्हटल्यावर आपल्यात पुढे कुणी काही विचारत नाही.

तीनच्या सुमारास अण्णा आरामखुर्चीत बसल्या बसल्या घामाने भिजले. माझ्याकडे बघून म्हणाले, "सुमन, गाडी कितीची आहे? पोरं उठली काय?" सुमन माझ्या आईचं नाव. हात थरथरत होते, नजर भलतीकडेच.

"बघितलंस? हे असं होतं," शरद हळू आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधानही होतं. निदान मला तसं ऐकू आलं.

माझ्या सासूबाईंची साखर एकदा अशीच उतरली होती. मी स्वयंपाकघरात धावले, पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि अण्णांना घोट घोट पाजली. टेबलावरच्या खिचडीला चमचासुद्धा लागलेला नव्हता. थोड्या वेळाने अण्णांची नजर ठिकाणावर आली. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि ते माझ्यावर कडाडले, "साखर घातलीस तोंडात? मोडलास माझा उपास!"

"मोडला! आणि पुन्हा मोडीन! सकाळी मधुमेहाची गोळी घेतलीत?"

"गोळी चुकवत नाही मी."

"आणि पोटात काय?"

"काही नाही. संकष्टी आहे म्हटलं ना."

"मग ती खिचडी?"

"कामवाल्या बाई नेतात," अण्णांनी सांगून टाकलं.

मी शरदकडे वळले. "दोनदा पडले ते कुठल्या वारी?"

त्याने आठवून सांगितलं. दोन्ही गुरुवार. सोमवार, गुरुवार, संकष्टी, आईचे सगळे उपास अण्णांनी तिच्यामागे चालवले होते. मधुमेहाची गोळी रोज न चुकता, आणि त्या दिवशी पोटात अन्नाचा कण नाही. डॉक्टरांनी जेवण वेळेवर आहे का विचारलं होतं. शरद हो म्हणाला होता. उपास ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे?

मग मी तोंड सोडलं. शरदला बोलले, विद्याला बोलले, वर फोटोतल्या आईलाही सोडलं नाही. वडील उपाशी आहेत हे दिसलं नाही आणि देवनहळ्ळीची खोली बरी दिसली!

"तुम्ही तर कधी देवाला हात जोडले नाहीत," मी अण्णांना म्हणाले, "मग हे कुणासाठी?"

"देवासाठी कोण करतंय? सोमवार माझ्यासाठी धरलेले तिनं. गुरुवार ह्याच्यासाठी, आणि संकष्टी तुझ्यासाठी. तुझं पहिलं मूल गेलं तेव्हापासून. ती गेली म्हणून मधेच सोडायचे काय?"

मी फोटोतल्या आईकडे बघितलं. पण राग गेला नाही. उलट आता तो कुणावर काढावा हेच कळेना.

"मग उद्यापन करून टाका," मी म्हणाले. उद्यापन करून व्रत रीतसर संपवता येतं, एवढं मला ठाऊक होतं.

"तू आहेस की अजून. तू असताना उद्यापन कसलं?"

"मग द्या माझी संकष्टी मला! माझ्यासाठी माझी मी उपाशी राहीन. त्यासाठी तुम्ही मरायची गरज नाही."

अण्णा खुर्चीत ताठ बसले. मग त्यांनी विद्याकडून पळी-पंचपात्र मागवलं. माझ्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं, दोन अक्षता ठेवल्या. शरदने न सांगता हात पुढे केला आणि गुरुवार घेतला. सोमवार विद्याने मागून घेतला. "अण्णांसाठीच आहे ना तो," ती म्हणाली. मी अशा गोष्टी मानत नाही. तरी ते पाणी सांडू नये म्हणून मूठ घट्ट धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आमच्यावर उखडले, ते बरंच झालं. त्यांनी गोळी बदलली. पण सगळा दोष साखरेचा नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. अण्णांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे. अंघोळीच्या वेळी सोबतीला माणूस हवा, भिंतींना दांडे हवेत, आणि कधीतरी याहून जास्त काही लागेल. शरदने दवाखान्याच्या पायरीवरून फोन करून देवनहळ्ळीची खोली सोडली. "कधीतरी लागेल" हे आम्ही दोघांनीही ऐकलं होतं.

विमानात बसले तेव्हा माझ्या मनात आलं, की म्हाताऱ्या माणसाला काय हवं-नको ते बघायला आपण मोठ्या तयारीने जातो. त्यांची चाल बघतो, स्मरणशक्ती तपासतो. आपल्यासाठी ते काय करत बसलेत, हे मात्र विचारत नाही. या विचारानेही माझा राग शांत झाला नाही.

पुढची संकष्टी पुण्यात आली. दुपारपर्यंत डोकं चढलं, घरातल्या सगळ्यांवर ओरडून झालं. संध्याकाळी अण्णांचा फोन आला.

"मी जेवलो गं. वांग्याची भाजी होती. तू पाणी तरी पी की."

"तुम्ही पीत होता का?" मी चिडून विचारलं.



"तुझी आई पीत नव्हती," अण्णा म्हणाले.

मी पाणी प्यायले नाही.