पेट्रियाची काळी बोटं

"बरणी इकडे द्या."

"नाही देणार."

"हात माझे आहेत. तुमचं काय जातंय?"

"अगं, सायनाइड आहे ते, साबण नाही. तुझं बोट कापलंय काचेनं. त्या चिरेतून आत गेलं, तर शनिवारी नुसते हात नाही, अख्खी तूच पांढरी पडशील."

म्हाताऱ्या मिकेल्सननी बरणी कोटाच्या खिशात टाकली आणि ते काचांवर रसायन चढवायला वळले. पेट्रिया खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत राहिली. फोटो उमटायला उन्हात ठेवलेल्या चौकटी तिनं पाच मिनिटांत तीनदा उघडून बघितल्या. मी शेजारच्या टेबलाशी बसून काचेच्या निगेटिव्हवरच्या बायकांच्या सुरकुत्या पेन्सिलीनं बुजवत होते. तिच्या त्या चालण्यानं माझीसुद्धा पेन्सिल दोनदा घसरली.

कोपनहेगनमधल्या त्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर पेट्रियाची नऊ वर्षं गेली होती. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेले कागद ती चांदीच्या पाण्यावर तरंगवायची, वाळवायची आणि निगेटिव्हच्या काचेखाली उन्हात धरायची, की फोटो उमटायचा. हातमोजे घालून ओला कागद उचलता येत नाही, फाटतो. चांदी कातडीत मुरते, ऊन लागलं की काळी पडते, आणि मग सायनाइडखेरीज कशानंच जात नाही.

खाली शेगडी होती, गालिचा होता. खालच्या मिस हेडविगचं लग्न ठरलं, तेव्हा पेट्रियानं ती जागा मागितली. गिऱ्हाईक बायकांची कॉलर नीट करायची, केसांना पिन लावायची, हनुवटी जराशी वळवायची. मालक लुंडिंग म्हणाले होते, शनिवारी हात दाखव, मग बघू.

चार दिवस तिनं लिंबू घासलं, राख घासली, खरबरीत दगडानं कातडी सोलून काढली. शनिवारी बोटं लाल झाली होती आणि काळीही होतीच.

हात दाखवायला ती थांबलीच नाही. जहाजवाल्या व्यापाऱ्याची बायको, फ्रू रोसेनस्टँड, खुर्चीवर येऊन बसली होती. पेट्रिया सरळ तिच्यामागे गेली आणि सुटलेली बट पिनेत अडकवली. बाईंना आरशात बोटं दिसली.

"कोळसा भरतेस का गं?"

"नाही बाईसाहेब. ईस्टरला तुम्ही चार डझन फोटो नेलेत ना, ते मी छापले. त्याचं आहे हे."

बाईंनी मान बाजूला घेतली. मग पेट्रियाकडे न बघता लुंडिंगना म्हणाल्या, "हिला वर पाठवा. पण फोटो हिच्याकडूनच छापून घ्या हं. मागच्या वेळी माझा गळा फार छान आला होता."

लुंडिंग हसले. हसतहसतच त्यांनी पेट्रियाला जिन्याकडे खूण केली, आणि स्वतः तिच्यामागोमाग जिन्याच्या दारापर्यंत आले. मी काचा घेऊन खाली उतरताना जिन्यातून हे सगळं बघत होते, वाटेतच थांबले.

"मनाला लावून घेऊ नकोस," ते हळूच म्हणाले. "खाली काय, कोणीही उभी राहील. वर तुझ्यासारखी मला मिळायची नाही. पगाराचं बघतो मी काहीतरी. सोमवारी सात वाजता, नेहमीसारखी?"

पेट्रियानं अॅप्रनची गाठ सोडली. बोट ठणकत असावं, वेळ लागला. अॅप्रन तिनं कठड्यावर टाकला, खुंटीवरची शाल घेतली आणि रस्त्याचं दार उघडून निघून गेली.