कासवाचं दार

जाळी दुरुस्त करणाऱ्या आबांना बंदरावर सगळे ‘बुजवे आबा’ म्हणत. भोक दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. “ह्यांच्यासमोर चाळणीसुद्धा ठेवू नका,” असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

त्या वर्षी समुद्राभोवतीच्या देशांनी मिळून एक नियम केला. समुद्र सगळ्यांचा, त्यातली कासवंही सगळ्यांची, आणि ती जाळ्यांत गुदमरून संपत चालली होती. म्हणून जाळ्याच्या पोटात तिरक्या सळ्यांची चौकट बसवायची आणि तिच्या वरच्या अंगाला मोठं भोक ठेवायचं. मासळी सळ्यांमधून मागे जाते, कासव सळ्यांना अडून भोकातून बाहेर पडतं. भोक नाही तर परवाना नाही.

पुतण्याने नुकतीच स्वतःची बोट घेतली होती. तिचं जाळं आबांनीच केलं. भोक पाडताना जिवावर आलं, पण पाडलं.

तपासणीच्या सकाळी जाळं धक्क्यावर पसरलं होतं. नियमात ठरल्याप्रमाणे शेजारच्या देशातून आलेल्या तपासनीस बाई एकेक बोट बघत येत होत्या. आबा सुई घेऊन बारीकसारीक टाके घालत, काकूंशी बोलत बसले होते.

“काका, भोक कुठंय?” पुतण्या ओरडला.

आबांनी खाली पाहिलं. बोलण्याच्या नादात त्यांनी ते पार बुजवून टाकलं होतं.

“अहो, परवाना घालवला की पोराचा!” काकूंनी कपाळावर हात मारला.

“ओरडू नकोस, कात्री दे आधी!”

पण टाके असे पक्के की कात्री चालेना. तोवर बाई येऊन उभ्या राहिल्या.

“हे काय चाललंय?”

आबांचा चेहरा पडला. “सवय हो, बाई. मीच बुजवलं. पोराचा काही दोष नाही.”

बाईंना हसू आवरेना. “कापा सावकाश. मी थांबते.”

भोक पुन्हा मोकळं झालं. बाईंनी त्याची लांबी-रुंदी मोजली, सळ्या हलवून पाहिल्या आणि परवान्यावर शिक्का मारला. काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

बोट परतली तेव्हा पुतण्या खुशीत होता. “मासळी झकास मिळाली, काका. जाळं वर घेताना एक कासव भोकातून सटकलं. हे एवढं! बाहेर पडताना पाठ जरा घासली त्याची.”

“घासली?” आबा लगेच उठले. “आण ते जाळं इकडे. भोक वीतभर वाढवू या.”