सोनोराचा ‘स’

व्हर्ना टॉलिव्हर बोलताना अडखळायची, आणि तिचं काम होतं टेलिफोनवर बोलायचं. लास वेगासमधल्या ‘सोनोरा’ नावाच्या जुगाराच्या हॉटेलात आम्ही दोघी शेजारशेजारच्या टेलिफोन बोर्डांवर बसायचो. तिला कामावर घेतलं ते पहिले मालक सॉल ग्रुबमन यांनी. म्हणाले, “पोरी, नुसतं ‘सोनोरा’ म्हणायला शीक. पुढचं गिऱ्हाईकच बोलतं.” आणि खरंच, तो ‘स’ तिच्या तोंडून कधी अडला नाही.

पुढे हॉटेल विकलं गेलं. नवा गडी, नवं राज्य! डेट्रॉइटच्या भागीदारांनी ‘डेझर्ट क्राऊन’ केलं, त्यांच्याकडून घेऊन एका सिनेमा कंपनीनं ‘किंग्ज कोर्ट’. दर वेळी टॉवेल बदलायचे, गणवेश बदलायचे, गळकं छप्पर तेवढं तेच. व्हर्ना बिचारी घरी भांडी घासता घासता नवं नाव घोकायची. मग आले बँकवाले. त्यांनी ठेवलं ‘पॅराडाइज पॅलेस’. एक नाही, दोन-दोन ‘प’! मला तर वाटलं, तिच्यावर दात धरूनच ठेवलंय.

ग्रुबमन तोवर वृद्धाश्रमात होते. हॉटेल विकल्याचं त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. दर शनिवारी दुपारी फोन करायचे. दुसरं नाव ऐकलं की “माफ करा, चुकीचा नंबर” म्हणून ठेवायचे, पुन्हा लावायचे, शेवटी रडकुंडीला यायचे. म्हणून व्हर्ना शनिवारी दुपारचा प्रत्येक फोन ‘सोनोरा’ म्हणूनच उचलायची.

बँकवाल्यांच्या प्रेस्कॉटसाहेबानं ते एकदा ऐकलं. “बाई, जुनं नाव पुन्हा तोंडातून निघालं तर घरी बसायचं.” व्हर्नाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्याच पगारावर चालायचं.

पुढच्या शनिवारी प्रेस्कॉट कानाला हेडफोन लावून तिच्या मागेच उभा राहिला. फोन वाजला.

“पॅ... पॅ... पॅरा...”

“माफ करा,” पलीकडून ग्रुबमन म्हणाले, “मला सोनोरा हवं होतं.”

व्हर्नानं डोळे मिटून घेतले. “सोनोराच आहे, मालक.”

“हात्तिच्या! खोल्या भरल्या का गं?”

“तुडुंब. टेबलांपाशी पाय ठेवायला जागा नाही.”

निम्मं हॉटेल रिकामं होतं. प्रेस्कॉटनं तिचा हेडफोन स्वतःच्या हातानं काढून घेतला. मला त्याच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. व्हर्नानं पर्स उचलली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली.

त्यानंतरच्या शनिवारी फोन माझ्या बोर्डावर आला. माझा ‘प’ कधी अडत नाही.

“पॅराडाइज पॅलेस.”

“माफ करा, चुकीचा...”

“थांबा, थांबा! सोनोराच आहे, मालक.”

“मग व्हर्ना कुठाय?”

“जेवायला गेलीय.”

“जेवू दे, जेवू दे,” ग्रुबमन म्हणाले. “आणि हे बघ, तिला कुणी घाई करू नका हं. तिचा शब्द निघायला जरा वेळ लागतो.”